सरकी, ढेप आणि आपल्या शाळेची मांडणी

(१९८५ च्या दहावीच्या बॅचच्या चाळीस वर्षपूर्ती स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



संयोजकांनी फोन करून मला विषय दिला होता, 'माझी वाटचाल'. मी म्हटलं, वाटचाल आपल्या सगळ्यांचीच झाली आहे. ती केसांवरून आणि गुडघ्यांवरून दिसतेच. मला मांडणीबद्दल बोलायचं आहे. फोनवर क्षणभर शांतता झाली आणि मग पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्यावरून कळलं, एवढी वर्षं झाली तरी ती मांडणी कोणी विसरलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१० साली आपल्या बॅचचा पंचवीस वर्षांचा मेळावा झाला. तेव्हा ग्रंथालयाला पुस्तकांची पाच फळ्यांची एक मांडणी भेट दिली होती. सुतारकाम आपल्याच वर्गमित्राने केलं. प्लायवूडचे थर ज्या डिंकाने चिकटवले होते, तो डिंक मी सरकीच्या ढेपेतून काढलेल्या प्रथिनापासून तयार केला होता. मांडणीवर पितळी पट्टी लावली होती, 'आपल्या मातीतल्या सरकीपासून'. टाळ्या झाल्या, फोटो झाले, मी भाषणही ठोकलं.

पुढच्या जुलैत झड लागली. आपल्याकडची झड म्हणजे काय ते पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी आठवून पाहावं. तीन दिवस सूर्य दिसला नाही. ग्रंथालयाच्या खिडकीतून ओल आत आली, मांडणीच्या फळ्या फुगल्या, थर एकेक करून पापडासारखे सुटले आणि चौथी फळी पुस्तकांसकट खाली आली. शिपाईकाकांनी सगळं सुतळीने आवळून बांधलं आणि मला फोन केला, "ताई, तुमची मांडणी पान्याले भेली जी."

मी हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. का, ते शेवटी सांगते. आधी ती मांडणी पाण्याला का घाबरली ते सांगते, कारण तेच माझं पुढच्या चौदा वर्षांचं काम झालं.

या कामाची सुरुवात याच शाळेत झाली. नववीत असताना सरांनी एक प्रयोग दाखवला होता. प्रथिनाची परीक्षा. पुस्तकात अंड्याचा पांढरा बलक घ्या असं लिहिलं होतं. वर्गात अंडं आणलं तर कोणाकोणाच्या घरून तक्रार येईल, म्हणून सरांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात ढेप होती. त्यांनी ती पाण्यात कालवली, गाळली, त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण घातलं आणि मग मोरचुदाच्या निळ्या पाण्याचे थेंब टाकले. परीक्षानळीतला रंग जांभळा झाला. सर म्हणाले, "जे अंड्यात आहे, तेच तुमच्या गाईच्या ढेपेत आहे."

मला तो जांभळा रंग खूप लागला, कारण माझे बाबा जिनात कामाला होते. आमच्या घरात कापसाचे तंतू भाजीतसुद्धा सापडायचे. बाबा सांगायचे, लोक कापूस कापूस करतात, पण जिनातून जास्त बाहेर पडते ती सरकी. ते खरंच आहे. एक क्विंटल कापूस जिनात गेला की पस्तीस किलोच्या आसपास रुई निघते आणि उरलेलं बहुतेक सगळं सरकी असते. त्या सरकीत पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं कमी तेल, आणि जवळपास पाचवा हिस्सा प्रथिन. म्हणजे क्विंटलभर कापसामागे बारा-तेरा किलो प्रथिन आपल्या हातातून जातं. तेल निघतं, राहते ती ढेप, आणि ढेप गाईम्हशींपुढे जाते. आपल्याकडे बहुतेक सरकी टरफलासकट गाळतात, म्हणून ढेपेत प्रथिनाबरोबर टरफलही भरपूर असतं.

माणसाने ते प्रथिन का खाऊ नये? कारण सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. कापसाच्या झाडाने ते किडीपासून बचावासाठी तयार केलेलं आहे. गाईम्हशींचं पोट ते बऱ्यापैकी पचवतं, कोंबडीला आणि माणसाला ते बाधतं. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड या भारतीय शास्त्रज्ञाने असा कापूस तयार केला, की ज्याच्या झाडात गॉसिपॉल राहतं, पण सरकीत ते फारच थोडं उतरतं. २००६ मध्ये त्यांचा शोध प्रसिद्ध झाला आणि तिथल्या सरकारी परवानग्या मिळायला २०१८ आणि २०१९ साल उजाडलं. आपल्या शेतातला कापूस मात्र नेहमीचाच आहे. त्यामुळे माझ्या मनात वेगळा प्रश्न होता. खाता येत नसेल, तर याचं काही बनवता येईल का?

हा प्रश्न माझा एकटीचा नाही आणि नवाही नाही. मैद्याची खळ करून आपण वह्यांना कव्हरं घातली, तक्ते चिकटवले, संक्रांतीला पतंग केले. त्या खळीची पकड बरीचशी पिठातल्या स्टार्चमुळे असते आणि थोडा हात गव्हातल्या प्रथिनाचा असतो. पुस्तक बांधणारे त्यात मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यात गूळ, बेलफळ आणि उडीद घालत. उडीद म्हणजे प्रथिनच की. सुताराचा सरस कातडी-हाडांपासून होतो, तेही प्रथिन, फक्त प्राण्याचं.

मोठ्या प्रमाणावर हे काम झालं ते विसाव्या शतकात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९२० च्या दशकात सोयाबीनच्या पिठाचा डिंक करून प्लायवूड चिकटवू लागले. मोटारवाले हेन्री फोर्ड तर सोयाबीनच्या मागेच लागले होते. त्यांनी १९४१ च्या ऑगस्टमध्ये प्लॅस्टिकच्या पत्र्यांची एक मोटार लोकांसमोर ठेवली, त्या प्लॅस्टिकसाठी सोयाबीन वापरल्याचा गाजावाजा झाला. ती एकच गाडी झाली, पुढे कारखान्यातून कधी निघाली नाही.

मला सगळ्यात आवडते ती गोष्ट शेंगदाण्याच्या कोटाची. इंग्लंडमध्ये लीड्सला विल्यम ॲस्टबरी नावाचे प्राध्यापक होते. लोकरीचा धागा आतून कसा असतो, हे ते क्ष-किरणांनी पाहत. त्यांच्या लक्षात आलं, की लोकर हेही प्रथिनच. मग शेंगदाण्यातलं गुंडाळलेलं प्रथिन उलगडून ताणलं, तर त्याचाही धागा व्हायला हवा. तो झाला. आयसीआय कंपनीने त्याला 'आर्डिल' नाव देऊन स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीसला कारखाना घातला. ॲस्टबरींनी त्या धाग्याचा ओव्हरकोट शिवून घेतला आणि तो घालून ते फिरायचे. विचार करा, आपल्या भुईमुगाच्या शेंगांचा कोट! पण १९५७ च्या सुमाराला तो धागा बंद झाला. तो धागा ओला झाला की कमजोर पडे, आणि तोवर नायलॉन, पॉलिएस्टर हे धागे बाजारात आले होते. प्लायवूडमध्येही तेच झालं. युरिया आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेला रेझिन स्वस्त पडला आणि पाण्यात जास्त टिकला. सोयाबीनचा डिंक मागे पडला.

दोन्हीकडे दुखणं एकच होतं, पाणी. आपल्या मांडणीचंही तेच.

आता इथे थोडा वर्ग घेते, कंटाळू नका. प्रथिनाचा रेणू म्हणजे लांबच लांब माळ. तिचे मणी वीस प्रकारचे. माळ सरळ पसरलेली नसते, लोकरीच्या गुंड्यासारखी स्वतःभोवती गुंडाळलेली असते. पाण्याशी सलगी करणारे मणी बहुतेक बाहेरच्या बाजूला, पाणी टाळणारे आत. आपण ढेपेतलं प्रथिन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घातलं की गुंडा सैल होतो, माळ उलगडते. अंडं उकडताना गुंडाळी मोडते, त्यातलाच हा प्रकार. उलगडलेली माळ लाकडाच्या बारीक छिद्रांत शिरते, लाकडाला चिकटते आणि सुकली की घट्ट पकडते. माझा २०१० चा डिंक एवढ्यावरच थांबला होता. सुकं असेपर्यंत तो उत्तम होता. पण ज्या मण्यांनी लाकूड धरलं होतं, त्यांना पाणी लाकडाहून प्रिय. ओल आली की त्यांनी लाकूड सोडलं आणि पाण्याचा हात धरला.

यावर उपाय म्हणजे प्रथिनात रासायनिक बदल करणं. पद्धती पुष्कळ आहेत, मी दोनच सांगते.

पहिली, पाण्याकडे धावणाऱ्या मण्यांना टोपी घालणं. लायसिन नावाचा एक मणी असतो, त्याच्या टोकाला नायट्रोजनचा एक गट मोकळा लटकलेला असतो. तो रसायनशास्त्रज्ञाच्या फार उपयोगाचा, कारण त्याला दुसरं काही जोडता येतं. ॲसेटिक आम्लाचा एक तुकडा तिथे जोडला तर त्या जागेचा विद्युतभार जातो आणि तिथलं पाण्याचं आकर्षण कमी होतं. उलट सक्सिनिक आम्लाचा तुकडा जोडला तर प्रथिन पाण्यात आणखी चांगलं विरघळतं, ते कागदावरच्या लेपासारख्या कामाला बरं. म्हणजे एकाच मण्याला कोणती टोपी घालता, त्यावर माल कोणता होणार ते ठरतं.

दुसरी पद्धत टाके घालण्याची. आईची वाकळ आठवा. जुन्या लुगड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर घसरतात. दर चार बोटांवर टाका घातला की वाकळ वीस वर्षं टिकते, धुतली तरी. प्रथिनाच्या माळांनाही असे टाके घालता येतात, त्याच लायसिनच्या टोकांना धरून. जुन्या काळी टाका फॉर्मल्डिहाइडचा असे. शेंगदाण्याच्या धाग्यालाही तोच होता. पण फॉर्मल्डिहाइडमुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट सांगितलं. ज्या प्रयोगशाळेत मी आयुष्याची वीस वर्षं काढली तिथे त्याचाच रेझिन व्हायचा. संध्याकाळी घरी गेले की डोळे चुरचुरायचे. मुलगी विचारायची, आई रडलीस का?

मग दुसरा टाका कुठला? अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात काइचांग ली नावाचे लाकूडशास्त्राचे प्राध्यापक आहेत. समुद्राच्या लाटा आपटत असतानाही शिंपले खडकाला घट्ट चिकटून राहतात, हे त्यांनी पाहिलं. शिंपल्याचा डिंकही प्रथिनच, आणि तो पाण्यातच पकडतो. त्यावरून सोयाबीनच्या प्रथिनात काय बदल करावा, याचा त्यांनी शोध घेतला. शेवटी कारखान्यात उतरला तो डिंक असा, की सोयाबीनचं पीठ आणि त्यात पीएई नावाचा रेझिन. टिश्यू पेपर ओला झाला तरी फाटू नये म्हणून कागद कारखाने जो रेझिन घालतात, तोच हा. तो प्रथिनाच्या माळांमध्ये टाके घालतो. एका मोठ्या प्लायवूड कंपनीने २००५ पासून त्यावर माल काढायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये या कामाला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फोर्डच्या काळात हरलेलं सोयाबीन साठ वर्षांनी परत आलं, ते या टाक्यामुळे.

आणि सरकी? न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत सरकीच्या प्रथिनावर बरंच काम झालं आहे. गरम पाण्यात टिकण्याच्या बाबतीत सरकीचा डिंक सोयाबीनच्या डिंकापेक्षा सरस निघाला. हे वाचलं त्या दिवशी मी घरी गूळ-शेंगदाणे वाटले.

आता माझ्या डिंकाची आणखी एक चूक सांगते, कारण ती आपल्या भागाला लागू आहे. मी बाजारातली ढेप घेतली होती. एक्स्पेलरमध्ये सरकी तापते. तापली की गॉसिपॉल नेमकं त्या लायसिनच्या मोकळ्या टोकाला जाऊन बसतं. म्हणजे टाका घालायची जागाच अडते. आधीच सरकीत लायसिन सोयाबीनपेक्षा कमी, त्यात ही अडवणूक. डिंकाला जी ढेप हवी ती कमी तापवलेली, टरफल काढलेली हवी. म्हणजे डिंकाचा प्रश्न रसायनशाळेच्या आधी तेलाच्या गिरणीतच सुरू होतो, हे मला उशिरा कळलं.

हे सगळं मी आपल्या जिल्ह्यात उभी राहून का सांगते आहे? परवा घाटंजीकडून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती. वेचणी संपली की ती उपटायची, थोडी चुलीसाठी ठेवायची, बाकीची धुऱ्यावर पेटवायची, बोंडअळीचा मुक्काम मोडावा म्हणूनही. ही पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाची संशोधन संस्था आहे, तिचं जिनिंगचं केंद्र नागपूरला आहे. तिथे पऱ्हाटीच्या चुऱ्यापासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र बसवलेलं आहे. त्या बोर्डाला लागणारा डिंक मात्र सहसा फॉर्मल्डिहाइडचाच असतो. माझ्या डोक्यात इतकी वर्षं एकच चित्र आहे. पऱ्हाटी शेतातली, डिंक त्याच शेतातल्या सरकीचा, आणि त्या बोर्डाचा बाक याच शाळेत.

चित्र छान आहे. पण आज मी त्याच्या अडचणीही सांगणार आहे, २०१० मध्ये सांगितल्या नव्हत्या.

पहिली अडचण गाईची. ढेप हे दुभत्या जनावराचं अन्न आहे. डिंकासाठी ढेपेची मागणी वाढली आणि भाव चढला, तर दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईच्या पोटावर पाय येईल. मला तो डिंक नको. एक वाट दिसते ती बुरशी लागलेल्या ढेपेची. पावसाळ्यात भिजलेली, काळी पडलेली ढेप बरेच जण फेकवत नाही म्हणून जनावराला घालतात. घालू नका. त्या बुरशीचं विष दुधात उतरतं. असा माल डिंकाकडे वळवता येईल का, त्यातलं प्रथिन किती शाबूत असतं, त्याची धूळ कामगाराच्या छातीत जाणार नाही ना, हे तपासायला हवं. मी त्यावरच काम करते आहे.

दुसरी, 'नैसर्गिक' हा शब्द. डिंक सरकीचा म्हणून तो निर्मळ, असं नाही. टाका घालणारा पीएई कारखान्यातच होतो आणि ज्या द्रव्यापासून होतो ते हाताळायला जहाल असतं. फॉर्मल्डिहाइडपेक्षा घरात राहणाऱ्याला हे बरं, एवढंच मी म्हणते.

तिसरी अडचण भावाची. कापसाचा भाव रुई आणि सरकी या दोन्हींच्या भावावर ठरतो. म्हणून सरकीला नवा ग्राहक मिळाला तर शेतकऱ्याला काही मिळावं, असा हिशोब कागदावर मांडता येतो. पण कापूस विकून झाल्यावर सरकी कोणाच्या मालकीची असते? जिनवाल्याच्या. बाबा ज्या जिनात राबले तिथे सरकीचा भाव वाढला म्हणून बाबांचा रोज कधी वाढला नाही. त्यामुळे गिरणी कोणाची, डिंकाचं युनिट कोणाचं, हे ठरल्याशिवाय माझं रसायनशास्त्र शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचणार नाही. आपल्या बॅचमध्ये सहकारातली माणसं आहेत, शेतकरी कंपनी चालवणारे दोघं आहेत, बँकेतले आहेत. हा भाग मला येत नाही. तो तुमच्याकडे सोपवते.

आता ती झोप न आलेली रात्र.

सर, हे मी तुमच्याकडे पाहून सांगते. मांडणी देण्याच्या तीन आठवडे आधी मी त्या प्लायवूडचे तुकडे पाण्यात भिजत घातले होते. चोवीस तास टिकायला हवे होते. सहा तासांत सुटले. मला कळलं होतं, सर. पण मेळाव्याची तारीख छापून झाली होती, पितळी पट्टी तयार होती, आणि गावाला काहीतरी करून दाखवायची मला घाई होती. मी स्वतःला समजावलं, ग्रंथालयात पाणी कुठून येणार? फळ्यांना व्हार्निशचे दोन हात दिले आणि ती चाचणी वहीत लिहिलीच नाही.

तुम्ही आम्हाला नववीत सांगितलं होतं, फसलेला प्रयोगही वहीत लिहायचा, तारीख घालून. माझ्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. मांडणी पडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बिचारीचा प्रयोग फसला. प्रयोग तीन आठवडे आधीच फसला होता. पडली ती मी लपवलेली गोष्ट. खाली कोणी मूल उभं नव्हतं, हे आपलं नशीब. वर्गमित्राचं नावही माझ्याबरोबर खराब झालं, गावात लोक त्याला 'पावसाळी मांडणीवाला' म्हणायचे. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. आज सगळ्यांसमोर त्याची आणि शाळेची माफी मागते.

शिपाईकाका निवृत्त झाले, पण त्या मांडणीची चौथी फळी त्यांनी टाकली नव्हती. मी २०१२ साली आले तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. ती माझ्या टेबलामागे टांगलेली आहे, फुगलेल्या कडेसकट. नवी मुलं कामाला लागली की आधी तिची गोष्ट ऐकतात.

आणि एक शेवटचं. तुम्ही आत येताना मधल्या वऱ्हांड्यात, जिथे पावसाचे शिंतोडे येतात, तिथे तीन फळ्या टांगलेल्या पाहिल्या असतील. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली म्हणून जून २०२४ मध्ये मी त्या लावल्या. तिन्ही पऱ्हाटीच्या बोर्डाच्या, डिंक सरकीचा, टाके तीन वेगवेगळ्या प्रकारचे. व्हार्निश कशालाही नाही. नववीची मुलं दर शनिवारी त्यांची जाडी मोजून वहीत लिहितात. दोन पावसाळे झाले. काल मी ती वही वाचली. एका मुलीने ऑगस्टच्या झडीत लिहिलं आहे, 'फळी क्रमांक दोन, खालचा कोपरा सुटायला लागला आहे, जाडी दीड मिलिमीटरने वाढली.' तारीख आहे, सही आहे. क्रमांक एक आणि तीन अजून टिकून आहेत. मुलांनो, चाळीस वर्षांपूर्वी सरांनी जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. मी नव्हतं ऐकलं.

त्यामुळे यंदा बॅचतर्फे ग्रंथालयाला आपण लोखंडी कपाट देतो आहोत. हसू नका, ते पाण्याला भीत नाही. त्या फळ्यांचे आणखी दोन पावसाळे जाऊ द्या. चार पावसाळ्यांनंतर जी टिकेल, तिच्या जातीच्या बोर्डाचा एक बाक मी शाळेला देईन, आणि त्याच्याबरोबर वहीची प्रतही देईन, क्रमांक दोनच्या पानासकट. एकही टिकली नाही, तर तेही इथे येऊन सांगेन.

सर, मघाशी तुम्ही मला विचारलंत, अजून जांभळा रंग येतो का गं? येतो, सर. आजही ढेपेची नवी थैली उघडली, की पहिल्यांदा परीक्षानळीत मोरचूदच घालते.